पडणारा माणूस आणि त्याचें नांव

चित्रकलेविषयीं लिहिण्याचा आमचा अधिकार थोडा आहे, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. आमचें आयुष्य इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलें. रंग कालविण्याचा प्रसंग शाळेंतील चित्रकलेच्या तासानंतर पुन्हां आला नाहीं. तथापि गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत देऊळघाटास, आमच्या गांवच्या घरीं, एका प्रश्नानें आम्हांस असें कांहीं पछाडलें कीं, त्याचा निकाल निदान आपल्यापुरता लावल्यावांचून सुटका नाहीं असें झालें. प्रश्न टाकला होता आमच्या एका सहाध्यापक मित्रानें. ते इतिहास शिकवितात. सुटीपूर्वीं निरोप घेतांना ते म्हणाले, "जेथें माणसें कळपानें मारलीं जातात तेथें साक्षीदार लागतो, न्यायाधीश लागतो, मागाहून इतिहासकार लागतो. चित्रकाराचें तेथें काय काम? तो प्रेताला रंग देणार, आणि आपण तें भिंतीवर टांगणार." आम्हीं त्या वेळीं जें उत्तर दिलें तें आमचें आम्हांलाच पटलें नव्हतें. गांवीं नेलेल्या पुस्तकांत तय्यब मेहता यांच्या चित्रांचा एक संग्रह होता आणि चित्तप्रसाद यांच्या रेखाटनांच्या कांहीं छापील प्रती होत्या. मूळ चित्रें पाहण्याचा योग आम्हांस मुंबई-दिल्लीच्या फेऱ्यांत थोडाच आला. तेव्हां पुढील विवेचनाचा बराचसा भार छापील प्रतिमांवर आहे, हें जाणकारांनीं ध्यानांत घ्यावें.

ज्या गोष्टीविषयीं बोलावयाचें तिला नांवहि अलीकडेच मिळालें आहे. माणसें मारण्याचा धंदा पुरातन. पण एखादा समूह तो समूह आहे एवढ्याच कारणासाठीं पुसून टाकण्याच्या कृत्याला स्वतंत्र शब्द १९४४ सालीं राफाएल लेम्किन या पोलंडच्या ज्यू कायदेपंडितानें घडविला, आणि ९ डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं तो आंतरराष्ट्रीय करारांत घातला. आम्ही त्यास वंशसंहार म्हणतों. १९४७ सालीं पंजाब, बंगाल, दिल्ली आणि कांहीं प्रमाणांत मुंबई येथें जें झालें त्यास हा शब्द लावावा कीं नाहीं, याविषयीं पंडितांत वाद आहे. तेथें मारणारे दोन्ही बाजूंस होते, आणि मेलेल्यांचे अंदाज दोन लक्षांपासून वीस लक्षांपर्यंत पसरलेले आहेत. तो वाद येथें सोडविण्याचें कारण नाहीं. रस्त्यांत गांठून मारलेल्या एकट्या माणसाच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याचा गुन्हा एकच होता: तो 'त्यांच्यांतला' होता. लेम्किनच्या शब्दाचें मर्म तेंच आहे.

आमच्या भाषेजवळ यासाठीं एक जुना शब्द आहे, 'कत्तल'. हा शब्द माणसांना लागतो आणि जनावरांनाहि लागतो. जनावरांच्या बाबतींत त्यास नुसतें 'खाना' जोडलें कीं झालें. पुढें ज्या चित्रकाराविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे त्याला हा शब्द मराठींतून सुचला असेल असें आमचें म्हणणें नाहीं. पण त्याच्या चित्रांकडे मराठी वाचकानें पाहतांना हा दुहेरी अर्थ मनांत ठेवला तर पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

सामुदायिक संहाराची आठवण मराठी माणसालाहि आहेच. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर लढतां लढतां जे पडले त्यांखेरीज दुसऱ्या दिवशीं कैद करून मारलेलेहि असंख्य होते. त्या दिवसाचें आम्ही काय केलें? बखरी लिहिल्या, पोवाडे रचिले, आणि भाषेंत एक वाक्प्रचार ठेवला: सव्वा लाख बांगडी फुटली. या वाक्प्रचाराकडे आम्हीं इतकीं वर्षें नीट लक्ष दिलें नव्हतें. त्यांत मेलेल्यांची मोजदाद नाहीं. मागें राहिलेल्यांच्या हातांची आहे. संख्या प्रचंड, आणि चित्र मात्र एका मनगटाचें. संहाराला कला जेव्हां कधीं नीट भिडते तेव्हां हीच युक्ति योजते, असें आम्हांस आतां वाटूं लागलें आहे. पण या युक्तींत एक अडचण दडलेली आहे. तें मनगट कोणाचें, हें सांगावें कीं सांगूं नये?

मुंबईंत राहिलेल्या दोन चित्रकारांनीं या प्रश्नाचीं अगदीं उलट उत्तरें दिलीं.

पहिले चित्तप्रसाद भट्टाचार्य. मूळचे बंगालचे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत, नोव्हेंबर महिन्यांत, ते मिदनापूर जिल्ह्यांत पायीं हिंडले आणि काळ्या शाईनें भुकेल्या माणसांचीं रेखाटनें केलीं. त्यांची 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका निघतांच इंग्रज सरकारनें तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. पांच हजारांपैकीं एखादीच प्रत कुटुंबाजवळ वांचली, आणि तिच्यावरून २०११ सालीं ती पुन्हां छापली गेली. १९४६ पासून चित्तप्रसाद मुंबईस अंधेरींत राहिले, पुढें पक्षापासून दुरावले, आणि १९७८ सालीं निवर्तले. दुष्काळ म्हणजे वंशसंहार नव्हे. तीस लक्षांपर्यंत माणसें मेलीं तीं कोणी त्यांच्या जातीधर्माकडे पाहून मारलीं नाहींत. धान्याचे भाव, सरकारची बेपर्वाई आणि युद्ध यांनीं तीं गेलीं. तथापि आमच्या विषयाशीं या रेखाटनांचा संबंध एका कारणानें येतो. चित्तप्रसाद अनेक रेखाटनांशेजारीं त्या माणसाचें नांव लिहितात, त्याचा गांव लिहितात, घरांतलें कोण गेलें तें लिहितात. चित्रकलेच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यास हें खपावयाचें नाहीं. चित्रानें स्वतः बोलावें, त्याला शेजारीं कारकून कशाला, असें तो म्हणेल. आम्हीहि बरींच वर्षें असेंच म्हणत आलों.

दुसरे तय्यब मेहता. जन्म १९२५ सालीं गुजरातेंतील कपडवंज येथें, दाऊदी बोहरा कुटुंबांत. बाळपण आणि पुढील बहुतेक सारें आयुष्य मुंबईंत. आरंभीं त्यांनीं चित्रपटाच्या संकलनाचें काम केलें. १९४७ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, महंमद अली रस्त्यावरील घराच्या खिडकींतून त्यांनीं खालीं एका तरुणास जमावानें दगडांनीं ठेंचून मारतांना पाहिलें. त्या दर्शनानें त्यांना ताप भरला आणि कित्येक दिवस ते आजारी होते. पुढें त्यांनीं ही हकीकत अनेकांस सांगितली. त्यांच्याविषयीं लिहिणारा प्रत्येक जण ती सांगतो, आणि आम्हीहि सांगितली. परंतु सांगणाऱ्यांचें बहुधा एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतें. ती म्हणजे वेळ. पाहिलें १९४७ सालीं; बांधलेल्या बैलाचें चित्र १९५६ चें; आणि ज्या 'पडणाऱ्या आकृती'नें त्यांचें नांव झालें ती १९६५ ची. म्हणजे खिडकीपासून त्या चित्रापर्यंत अठरा वर्षें गेलीं. मध्यंतरीं जे. जे. कलाशाळेचें शिक्षण झालें, लग्न झालें, १९५९ ते १९६४ लंडनचें वास्तव्य झालें. दंगलीच्या दुसऱ्या दिवशीं कुंचला उचलून आक्रोश करणाऱ्यांपैकीं हा माणूस नव्हता.

बैलाच्या चित्राविषयीं एक अनुभव सांगितल्याशिवाय आम्हांस पुढें जाववत नाहीं. मेहतांनीं हा बैल त्या काळीं बांद्र्यास असलेल्या कत्तलखान्यांत पाहिला होता. आम्ही ओसरीवर तें पान उघडून बसलों असतां आमच्या गांवचे एक वृद्ध नालबंद आले. सारा गांव त्यांस चाचा म्हणतो, आम्हीहि म्हणतों. ज्यांनीं बैलास नाल ठोकतांना पाहिलें नसेल अशा शहरी वाचकांसाठीं सांगतों: बैलाचे पाय दोरानें एकत्र आवळून त्यास कुशीवर पाडतात, एक जण मानेवर भार देऊन बसतो, आणि नालबंद खुरांचें काम उरकतो. चाचांनीं पुस्तकांत डोकावून विचारलें, "नाल ठोकायले पाडला का हो हा?" आम्हीं म्हटलें, "नाहीं चाचा, हा कापायला बांधलेला आहे." त्यांनीं पुस्तक हातांत घेतलें, उजेडाकडे धरलें, पुष्कळ वेळ पाहिलें, आणि म्हणाले, "हां. दोर सोडला का बैल झटकन उठते. हा काही उठत नाही." एवढें बोलून ते ज्या कामाला आले होते त्या कामाकडे वळले. त्या चित्रावर इंग्रजींत लिहिलेले अनेक परिच्छेद आम्हीं वाचले आहेत. त्यांत पिकासो येतो, फ्रान्सिस बेकन येतो, राष्ट्राची कुंठित शक्ति येते. चाचांनीं पाहिलें तें त्यांपैकीं कोणी पाहिलें नव्हतें. बांधलेपण दोन तऱ्हेचें असतें. एकांत जनावराचें सारें शरीर सुटकेच्या क्षणाची वाट पाहत ताठलेलें असतें. दुसऱ्यांत शरीर उठणें विसरलेलें असतें. मेहतांनीं रंगविला आहे तो दुसरा. रक्त नाहीं, सुरी नाहीं, खाटीक नाहीं. मरण अजून आलेलें नाहीं, आणि तरी सर्व कांहीं उरकलें आहे.

आतां पडणारा माणूस. १९६५ चें हें चित्र दिल्लींतील पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनांत १९६८ सालीं सुवर्णपदक मिळवून गेलें, आणि त्यानंतर हा माणूस मेहतांच्या चित्रांतून मरेपर्यंत पडतच राहिला. तो कोठून पडला हें चित्रांत नाहीं. कोठें पडणार हेंहि नाहीं. छप्पर नाहीं, जमीन नाहीं, ढकलणारा हात नाहीं. आमच्या भाषेंत 'पडला' म्हणजे नुसतें घसरणें नव्हे. रणांत पडला म्हणजे मेला. मेहतांचा माणूस मात्र 'पडला' नव्हे, 'पडतो आहे'. क्रिया पुरी होत नाहीं. १९६८ सालीं ते न्यूयॉर्कला एका शिष्यवृत्तीवर गेले, तेथून आल्यावर त्यांच्या रंगांचा जाड थर गेला. सपाट, स्वच्छ, विस्तीर्ण रंगपट्टे आले, आणि आकृति त्यांवर कातरून चिकटविल्यासारखी दिसूं लागली. आरंभींच्या चित्रांत वेदना रंगाच्या गांठींत होती. आतां ती रेषेच्या काठांत आली. आमच्या मतें येथेंच मेहता थोर झाले. किंचाळणारें चित्र काढणें अवघड नाहीं. इतक्या शांत रंगांत, जवळजवळ गोड म्हणावें अशा रंगांत, एक अवयव भलत्याच ठिकाणीं निघालेला दिसतो तेव्हां पाहणाऱ्याच्या पोटांत जो खड्डा पडतो तो किंकाळीनें पडत नाहीं.

१९६९ नंतर त्यांच्या चित्रांत एक तिरकी पट्टी अवतरली. चित्र या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ती चिरीत जाते. ही फाळणीची रेषा, असें सांगणारे बरेच आहेत. असें सांगितल्यानें भाष्यकाराचें काम फार सोपें होतें, एवढाच आम्हांस त्याचा गुण दिसतो. चित्र जमत नाहीं म्हणून वैतागाच्या भरांत मारलेल्या फटकाऱ्यांतून ती पट्टी आली, असें स्वतः मेहता सांगत. आणि आम्हांस तेंच जास्त मोलाचें वाटतें. जो विषय अठरा वर्षें कॅनव्हासवर उतरत नव्हता तो त्यानंतरहि अडून बसत होता, याची ती खूण आहे.

येथपर्यंत लिहून झाल्यावर आम्हीं त्या पडणाऱ्या माणसाची छबि भ्रमणध्वनीवरून इतिहासाच्या मित्राकडे पाठविली, आणि सोबत १९४७ ची हकीकत थोडक्यांत कळविली. उत्तर आलें तें एका ओळीचें: "तो माणूस कोण होता, हिंदु कीं मुसलमान?"

हा प्रश्न उर्मट नाहीं. इतिहासकाराला तो विचारावाच लागतो. किंबहुना मेहतांवर घेतां येण्यासारखा सर्वांत गंभीर आक्षेप त्यांतच आहे. वंशसंहारांत माणूस मरतो तो माणूस म्हणून नव्हे, अमक्या समूहाचा म्हणून. मग चित्रकारानें त्याचा समूहच पुसून टाकला, त्यास नुसता 'माणूस' केला, तर त्यानें गुन्ह्याचें कारणच पुसलें कीं नाहीं? 'मानवी दुःख', 'हिंसा', 'माणसाची माणसाशीं क्रूरता' हीं मोठालीं नांवें म्हणजे पुष्कळदां मारणाऱ्यास दिलेली सूटच असते. सर्वच पडतात म्हटलें कीं कोणी कोणास पाडलें तें विचारावयास नको. आमच्या मित्राचा मुद्दा असाच काहींसा होता. त्यास उत्तर देण्यास आम्हांस चार दिवस लागले.

उत्तर असें. १९४७ च्या त्या दिवसांत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दंगलींत, मारण्यापूर्वीं रस्त्यावर विचारला जाणारा प्रश्न कोणता असे? 'नांव काय?' हाच. नांवावर जीव टांगलेला असे. नांव सांगितलें कीं निकाल लागे. मेहतांचें चित्र पाहणारा प्रत्येक जण, मारणाऱ्यांशीं त्याचा कांहींएक संबंध नसतांहि, तोच प्रश्न ओठांवर घेऊन चित्रापुढें येतो. आमचे मित्र आले, आम्हीहि मनांतल्या मनांत आलों होतों. चित्र उत्तर देत नाहीं. तें नांव सांगण्याचें नाकारतें. म्हणून हें अनामत्व आम्हांस गुळगुळीत मानवतावाद वाटत नाहीं. जमावाला जें हवें होतें तेंच पाहणाऱ्यास देण्याचें नाकारण्याचा तो हट्ट आहे.

आणि याच कसोटीनें पाहिलें तर चित्तप्रसादांचा कारकूनपणाहि आम्हांस आतां निराळा दिसूं लागला. दुष्काळांत कोणी कोणाचें नांव विचारलें नाहीं. तेथें माणसें मेलीं तीं आंकडा होऊन, अहवालांतील शून्यें होऊन. तेथें नांव न विचारलें जाणें हेंच मरण होतें; म्हणून चित्रकारानें नांव लिहिलें. जेथें नांव विचारून मारलें तेथें दुसऱ्यानें नांव गिळलें. चित्रानें स्वतः बोलावें, हा आमचा जुना नियम दोघांच्याहि बाबतींत अपुरा ठरला, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना गेलीं कित्येक वर्षें तो आम्ही मोठ्या ठामपणें शिकवीत होतों.

मुंबईच्याच दुसऱ्या एका दंगलीचा दाखला येथें घेणें भाग आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत जें घडलें त्याची चौकशी न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या आयोगानें केली. आयोगानें मृतांची संख्या ९०० दिली: मुसलमान ५७५, हिंदु २७५, इतर ५, आणि अज्ञात ४५. आयोगानें धर्मवार गणना केली हें योग्यच केलें. न्यायाला नांव लागतें. पण तो शेवटला आंकडा आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. पंचेचाळीस माणसें अशीं कीं, ज्यांना मारणाऱ्यांनीं ओळखलें आणि सरकारला ओळखतां आलें नाहीं. त्याच दंगलींत रस्त्यावर मरून पडलेल्या एका माणसाचें होशी जाल यांनीं टिपलेलें छायाचित्र वर्तमानपत्रांत आलें होतें. विवान सुंदरम् यांनीं १९९३ सालीं त्या छायाचित्राभोंवतीं 'मेमोरियल' नांवाची स्मारकरचना उभारली, त्यावर खिळे ठोकले, त्यास थडगें दिलें. ती चित्रकला नव्हे, म्हणून तिच्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. पण वृत्तपत्राच्या रद्दींत जाणाऱ्या अनोळखी माणसास कबर देण्याची ही बुद्धि मेहतांच्या हट्टाची सख्खी बहीण आहे.

युरोप-अमेरिकेंतील उदाहरणें पुष्कळ देतां येतील. आम्ही दोनच घेतों. आर्शिल गॉर्की हा चित्रकार तुर्कस्तानांतील वान सरोवराकाठचा आर्मेनियन. १९१५ च्या संहारांतून आई व बहिणी यांच्यासह तो निसटला. पण १९१९ सालीं येरेव्हान येथें आई उपासमारीनें गेली. पुढें अमेरिकेंत त्यानें १९१२ सालच्या एका छायाचित्रावरून, ज्यांत तो मुलगा आईशेजारीं उभा आहे, वर्षानुवर्षें एकच चित्र दोनदां रंगविलें. आईचा चेहरा मुखवट्यासारखा स्थिर. आणि हात पुसटलेले, जणूं रंगवावयाचे राहून गेले. यांतील विलक्षण गोष्ट ही कीं, या चित्रकाराचें खरें नांव गॉर्की नव्हेच. जन्मनांव व्होस्तानिक आदोयान. अमेरिकेंत तें टाकून तो आपण रशियन, मॅक्सिम गॉर्कीचा आप्त, असें सांगत असे. स्वतःचें नांव लपविणाऱ्या मुलानें आईला मात्र लपविलें नाहीं. दुसरा झोरान मुशिच. १९४४-४५ मध्यें तो दाखाऊच्या छळछावणींत होता. तेथें चोरून त्यानें प्रेतांचीं रेखाटनें केलीं. सुटल्यावर घोडे आणि टेकड्या रंगवीत बसला. पंचवीस वर्षांनंतर, १९७० च्या सुमारास, तींच प्रेतें त्याच्या कॅनव्हासवर परत आलीं, आणि त्या मालिकेस त्यानें नांव दिलें त्याचा अर्थ 'आम्ही शेवटले नव्हे' असा आहे. प्रेतांचा तो ढीग टेकडीसारखाच दिसतो, हें पाहून आम्हांस काय वाटलें तें शब्दांत मांडणें कठीण आहे.

या विषयाशीं मुंबईच्या चित्रकलेचा एक संबंध फारसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. १९४७ नंतर सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे या प्रागतिक मंडळींचें कौतुक ज्यांनीं आरंभीं केलें, त्यांचीं चित्रें विकत घेतलीं, त्यांच्यावर लिहिलें, त्यांत वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे तिघे होते. तिघेहि हिटलरच्या राजवटीमुळें जर्मनी-ऑस्ट्रियांतून मुंबईस आलेले. मेहता याच वर्तुळाच्या काठावर वाढले. म्हणजे ज्या मुंबईंत नवी चित्रकला रुजली त्या मुंबईंत, मागें राहिलेल्या आप्तांचें काय झालें असेल याची कल्पना असलेलीं माणसें दर आठवड्यास चित्रांपुढें उभीं राहत होतीं. याचा कोणत्या चित्रावर काय परिणाम झाला असें मोजून दाखवितां यावयाचें नाहीं. परंतु युरोपांतून केवळ शैली आली असें समजणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

आतां आमची तक्रार. मेहतांच्या उत्तरायुष्यांत, विशेषतः शांतिनिकेतनास राहून आल्यावर, त्यांच्या चित्रांत काली आली, दुर्गा आली, आणि १९९० नंतरच्या दशकांत महिषासुर आला. हीं चित्रें रचनेच्या दृष्टीनें त्यांचीं सर्वांत पूर्ण, यांत शंका नाहीं, किंमतीच्या दृष्टीनेंहि. २००२ सालीं 'सेलिब्रेशन' या त्रिपट चित्रास न्यूयॉर्कच्या लिलांवांत सुमारें दीड कोट रुपये आले, आणि २००५ सालीं 'महिषासुर' दहा लक्ष डॉलरांच्या पलीकडे गेला. किंमतीचा दोष चित्रकाराकडे जात नाहीं. आमची अडचण वेगळी आहे. ज्या माणसास नांव नव्हतें त्यास आतां नांव मिळालें, आणि तें पुराणांतलें. पुराणांत नांवाबरोबर निकालहि येतो. महिषासुर म्हटला कीं तो मारला जाणारच, आणि मारणें पुण्यच. अठरा वर्षें कष्टून ज्या पडण्याला त्यांनीं कारणापासून सोडविलें होतें त्यास पुन्हां कारण चिकटलें. १९४७ च्या जमावाजवळहि असेंच कांहीं कारण असलें पाहिजे. आपण राक्षसच मारीत आहों असें त्यास वाटल्यावांचून दगड उचलला जात नाहीं.

मेहतांना हें दिसत नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या चित्रांत देवी आणि महिष एकमेकांत असे गुंतलेले असतात कीं, वध चालला आहे कीं आलिंगन, हें सांगतां येत नाहीं. महिषाच्या मुखावर कारुण्य आहे, देवीच्या हातांत त्वेष नाहीं. शिवाय मराठी प्रेक्षकाला येथें एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. आमच्या भागांत शेताच्या बांधावर शेंदूर फांसलेला दगड असतो तो म्हसोबा. तो महिषासुरच, असें दामोदर कोसंबी यांनीं दाखविलें आहे. नवरात्रांत ज्याच्या वधाचा उत्सव करावयाचा त्यालाच वर्षभर नारळ फोडावयाचा, ही आमच्या शेतकऱ्याची रीत. मारलेल्यास विसरावयाचें नाहीं, त्याची बाकी ठेवावयाची नाहीं. मेहतांच्या महिषांत हा म्हसोबा कोठें तरी असावा असें मानावयास आम्हांस आवडलें असतें. त्यांनीं तो पाहिला होता कीं नाहीं तें चित्रांवरून सांगतां येत नाहीं, आणि चित्रांत तो आम्हांस सांपडला नाहीं. त्यांचा महिष सुंदर आहे. म्हसोबा ओबडधोबड आहे, आणि त्याची भीति वाटते.

तेव्हां मित्राच्या मूळ आरोपापैकीं अर्धा आम्ही मान्य करतों. प्रेताला रंग दिला कीं तें भिंतीवर टांगलें जातें. महिषासुराच्या चित्रांचें तसें कांहींसें झालें आहे, आणि तीं टांगलेलीं घरें पाहतां तें होणारच होतें. पडणाऱ्या माणसाचें तसें होत नाहीं. तेंहि टांगतात, पण त्याच्याखालीं बसून कोणी निवांत चहा घेत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. मेहतांनीं आयुष्यांत चित्रें थोडीं केलीं. जीं मनास उतरलीं नाहींत तीं स्वतःच्या हातानें नष्ट केलीं. जुलै २००९ मध्यें ते मुंबईस वारले. आमच्या संग्रहांतलें पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पान आम्हीं या सुटींत पुन्हां पुन्हां पाहिलें. तो रस्ता, तो जमाव आणि ते दगड आम्हांस एकाहि चित्रांत आढळले नाहींत.